देखणे विमान आणि कामाचे विमान

नागपूर, वडोदरा यांसारख्या शहरांत राष्ट्रीय छात्रसेनेची हवाई पथके आहेत. महाविद्यालयीन छात्रसैनिकाला आकाशाची पहिली ओळख होते ती बहुधा दोन आसनांच्या हलक्या विमानातून. अशा विमानास मायक्रोलाइट म्हणतात. २०१५ साली संरक्षण मंत्रालयाने स्लोव्हेनिया या छोट्या युरोपीय देशातील पिपिस्ट्रेल कंपनीकडे या प्रकारच्या १९४ विमानांची मागणी नोंदविली. त्यांपैकी ११० छात्रसेनेसाठी, ७२ हवाई दलासाठी आणि १२ नौदलासाठी होती. विमानाचे मूळ नाव ‘व्हायरस’. ते ऐकून दचकण्याचे कारण नाही. भारतात त्याला ‘गरुड’ हे नाव मिळाले, आणि तेच त्याच्या रूपाला अधिक शोभते.

रूप खरोखरच मोहक आहे. निमुळते, गुळगुळीत अंग, डोक्यावर १०.७ मीटर पसरलेले सडपातळ पंख आणि शेपटीकडे बारीक होत गेलेला देह. कोठे जोड नाही, रिव्हेट नाही. हे सौंदर्य शोभेसाठी नाही. कार्बन व काचतंतूंच्या साच्यात घडविलेल्या या देहाला हवेचा रोध फार कमी होतो. त्यामुळे अवघ्या ८० अश्वशक्तीच्या इंजिनावर ते ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने जाऊ शकते. इंजिन बंद पडले तरी, वारा प्रतिकूल नसल्यास, एक किलोमीटर उंचीवरून सुमारे १७ किलोमीटर तरंगत जाते. अमेरिकेच्या नासा संस्थेने २००७ मध्ये पुरस्कृत केलेल्या वैयक्तिक विमानांच्या स्पर्धेत मुख्य पारितोषिक याच विमानाने पटकाविले.

याच्या उलट टोकाला झेनेअर सीएच ७०१ हे विमान आहे. ख्रिस हाइन्झ यांनी आखलेले हे विमान १९८६ साली प्रथम उडाले, आणि ‘गरुड’ येण्यापूर्वी छात्रसेनेने तेही वापरले आहे. जाड, आखूड पंख, पंखांच्या पुढे बसविलेल्या पट्ट्या, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा चौकोनी देह. देखणे म्हणावे असे त्यात काही नाही. तशाच ८० अश्वशक्तीच्या इंजिनावर ते ताशी जेमतेम १३० किलोमीटर जाते. परंतु ते ओबडधोबड शिवारातही उतरते, फार थोड्या अंतरात थांबते, आणि त्याचा पत्रा चेपला तर साधा जाणकार कारागीर तो बदलू शकतो.

देखण्या विमानाची अडचण नेमकी उतरताना जाणवते. हवा ज्याला अडवीत नाही, ते जमिनीवर येण्यासही राजी नसते. वेग किंचित अधिक राहिला तर धावपट्टीवरून ते तरंगतच पुढे निघते. म्हणून ग्लायडरप्रमाणे याच्या पंखांतून हवा अडविणाऱ्या फळ्या वर काढण्याची सोय केलेली आहे. नवशिक्याने ही युक्ती आत्मसात केल्याशिवाय त्याच्या हाती विमान सोपविता येत नाही.

दुसरा हिशेब वजनाचा. युरोपातील जुन्या नियमाप्रमाणे आपत्कालीन हवाईछत्री बसविलेल्या मायक्रोलाइटचे एकूण वजन ४७२.५ किलोपेक्षा अधिक असता कामा नये. २०१८ पासून तेथील देशांना ही मर्यादा ६०० किलोपर्यंत वाढविण्याची मुभा मिळाली. जुन्या मर्यादेने पाहू. रिकाम्या विमानाचे वजन सुमारे २९० किलो. त्यात प्रत्येकी ७५ किलोची दोन माणसे बसली की इंधनासाठी जेमतेम ३२ किलो उरतात, म्हणजे सुमारे ४४ लिटर पेट्रोल. टाक्या मात्र १०० लिटरच्या! दोन्ही आसने आणि दोन्ही टाक्या एकाच वेळी भरता येत नाहीत. तासाला सुमारे १५ लिटर इंधन लागत असल्याने प्रशिक्षणाच्या छोट्या फेरीला ही अडचण नाही. जोडीने लांबचा प्रवास करू इच्छिणाऱ्या हौशी वैमानिकाला मात्र ती आहे.

रंगाचेही तसेच. हे विमान पांढरेशुभ्र असते, कारण तंतू एकत्र बांधणारी राळ अति उष्णतेने मऊ पडते व गडद रंग ऊन शोषून घेतो. विदर्भातील मे महिन्यात असे विमान उघड्यावर ठेवणे शहाणपणाचे नव्हे. त्याला सावलीचे छप्पर हवेच. अंगाला तडा गेला तर तो वरून दिसेलच असे नाही. तपासणीला व दुरुस्तीला प्रशिक्षित माणूस लागतो.

संपूर्ण विमानास तोलून धरणारी हवाईछत्री हा मोठा आधार खरा. परंतु ती उघडण्यास उंची व काही क्षण लागतात, आणि जमिनीलगत दोन्ही अपुरे पडतात. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पतियाळा येथे छात्रसेनेचे याच जातीचे विमान कोसळून हवाई दलाचे एक अधिकारी मृत्युमुखी पडले, तर सोबतचा छात्रसैनिक जखमी झाला.

छात्रसैनिकाची फेरी बहुधा आपल्याच विमानतळाभोवती होते. तेथे ताशी २४० किलोमीटरचा वेग फारसा उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ते शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाचे बोट, पंख वर असल्याने खाली मोकळे दिसणारे शेत आणि रस्ते, आणि वळताना त्याच पंखाने झाकल्या जाणाऱ्या दिशेला आधीच पाहून घेण्याची लागलेली सवय.