माइक जरा मागे घ्या

स्वतंत्र तबलावादनाचं रेकॉर्डिंग ठरलं की स्टुडिओत आधी विषय निघतो तो एसीचा. पुडी कातड्याची. गार, कोरड्या हवेत ती आवळते आणि स्वर चढतो, दमट हवेत उतरतो. शिवाय एसीची घरघर माइकमध्ये येते, म्हणून टेकच्या वेळी तो बंद. मग खोली उबते आणि काळी एकला मिळवलेला तबला पेशकार संपेस्तोवर हललेला असतो. त्यामुळे जोडी आधीच आणून खोलीच्या हवेत ठेवायची आणि प्रत्येक टेकआधी हातोडी चालवायची, हा आमच्याकडचा शिरस्ता.

एकदा एक ज्येष्ठ वादक आले. मैफलीत लावतात तसे दोन माइक, दोन्ही पुड्यांपासून वीतभर अंतरावर. कायदा वाजवून झाल्यावर हेडफोन लावून त्यांनी तो ऐकला आणि म्हणाले, “हा माझा हात झाला. तबला कुठाय?”

त्यांचं म्हणणं शास्त्रालाही धरून होतं. शाईच्या भारामुळे तबल्याचे अधिस्वर मूळ स्वराच्या पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी दाखवलं. १९३४ साली त्यांनी त्यावर सविस्तर लिहिलं. पण हे अधिस्वर पुडीच्या वेगवेगळ्या भागांतून उठतात. माइक चाटेला चिकटला की बोटाचा आघात तेवढा येतो. सगळे अधिस्वर एकत्र होऊन जी आस तयार होते, तिला थोडं अंतर लागतं. माइक दीड-दोन फूट मागे, किंचित वर घेतले आणि ‘ना’ला गोलाई आली.

डग्ग्याचंही तसंच. एका दिशेने ऐकणारा माइक जवळ नेला की खर्ज फुगतो. ‘घे’ दणदणतो, पण मनगटाने काढलेली मींड त्यात बुडते. त्यावर माइकचं खर्ज कापणारं बटण दाबावं, तर डग्ग्याचा जीवच जातो. इथेही उपाय एकच: माइक मागे घेणं.

सगळ्यात नाजूक बोल ‘धा’. दोन्ही हात एकदम पडतात, पण लांब-लांब ठेवलेल्या दोन माइकना प्रत्येक आवाज मागेपुढे पोचतो. लाटा एकमेकींना खातात आणि ‘धा’ पोकळ होतो. म्हणून मी दोन्ही माइकची तोंडं एका ठिकाणी आणून, काटकोनात, जोडीच्या समोर लावतो. आवाज दोघांना एकाच क्षणी मिळतो आणि ‘धा’ अखंड राहतो.

लेहऱ्याचा प्रश्न उरतोच. पेटीवाल्याला वेगळ्या खोलीत बसवलं की आवाज स्वच्छ मिळतो, पण समेवरची नजरानजर जाते आणि तिहाईतला जोर ओसरतो. मी पेटी त्याच खोलीत, माइकच्या पाठीमागे ठेवतो. थोडा लेहरा तबल्यात झिरपतो, तो झिरपू द्यावा.

उस्ताद अहमदजान थिरकवा यांनी बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत तबला वाजवला आणि स्वतंत्र वादनाच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही दिल्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं आणि आवाजाची एकच वाहिनी. तरी तबला-डग्गा तिथे एकजीव ऐकू येतात. आज माइक कितीही मिळतात, म्हणून तर जागा निवडण्याची जबाबदारी वाढली आहे. स्टँड उभा करण्याआधी वादकासमोर बैठकीवर बसून ऐका. जोडी जिथून एक वाद्य वाटेल, माइक तिथेच लावा.