कारवानची नजर

मराठवाड्यात कारवान जातीचं शिकारी कुत्रं पाळणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते: घरी गुणी, माळावर बहिरं. जिंतूरच्या डोंगराळ माळरानात समोरून ससा उठला की हे कुत्रं सुटतंच. धनी घसा फोडून हाका मारतो, पण ते मान वळवत नाही. आपण याला हट्टीपणा म्हणतो. या हट्टाचा एक धागा थेट कुत्र्याच्या डोळ्यापर्यंत जातो, आणि तो पाहिला की थक्क व्हायला होतं.

डोळ्याच्या पडद्यावर मेंदूकडे संदेश धाडणाऱ्या पेशी असतात. सिडनी विद्यापीठाच्या पॉल मॅकग्रीव्ही आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं, की लांब तोंडाच्या कुत्र्यांत या पेशींची दाटी आडव्या पट्ट्यात पसरलेली असते. म्हणजे डावीकडून उजवीकडे अख्खं क्षितिज एकदम टिपलं जातं. चपट्या तोंडाच्या पगमध्ये तीच दाटी मधोमध एकवटलेली. नाकाच्या लांबीबरोबर डोळ्याची आतली मांडणीच बदलते!

पुढे २००९ मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी कुत्र्यांना बोटाने भांडं दाखवून पाहिलं. आखूड तोंडाच्या कुत्र्यांना ती खूण जास्त कळली. माणसाकडे बघत काम करणाऱ्या जातीही, एकट्याने काम करणाऱ्या जातींपेक्षा सरस ठरल्या.

कारवानचं तोंड निमुळतं आणि कामही एकट्याचं. ससा पळता पळता झटक्यात वळतो. तेव्हा कुठे वळायचं हे कुत्र्यानेच ठरवायचं. धनी तर पार मागे राहिलेला. हुकुमासाठी जे थांबलं त्याची शिकार गेली. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच लोकांनी न थांबणाऱ्या कुत्र्यांची पिल्लं राखली. आज ज्याला आपण दोष देतो, तो गुण आपणच जोपासला आहे.

पण म्हणून ते शिकत नाही असं मुळीच नाही. कारवानचं जवळचं नातं असलेल्या मुधोळ कुत्र्यांना २०१६ पासून मेरठच्या लष्करी केंद्रात प्रशिक्षण दिलं गेलं. शिकवण्याची रीत मात्र कारवानच्या स्वभावाला धरून हवी. पाच-दहा मिनिटांचाच धडा द्यावा, तोही पिल्लू भुकेलं असताना. हाकेला आलं की दर वेळी मटणाचा तुकडा द्यावा. उशिरा आलं तरी मारू नये, कारण हाकेला जाणं म्हणजे मार खाणं, एवढंच ते त्यातून शिकतं. सुरुवात अंगणात करावी, मग लांब दोरी बांधून रिकाम्या शेतात. आणि ससा नजरेला पडण्याआधी हाक मारावी. एकदा पाय सुटले की हाकेचा फारसा उपयोग नसतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, ससासुद्धा त्यात आला. तेव्हा कारवान पाळणाऱ्यांनो, उघड्या माळावर त्याला मोकळं सोडू नका. कुंपणाच्या आत मात्र रोज पोटभर पळू द्या.