स्कीच्या तळावरील मेणाची जागा

नॉर्वेमध्ये रेना ते लिलेहामर या ५४ किलोमीटरच्या मार्गावर भरणारी स्कीशर्यत १९३२ मध्ये सुरू झाली. किमान साडेतीन किलोंचे ओझे पाठीवर घेऊन स्पर्धकांना डोंगर ओलांडावा लागतो. १२०६ मध्ये योद्ध्यांनी बर्फातून सुखरूप नेलेल्या बालराजपुत्र होकोनचे ते प्रतीक होय. अशा मार्गावर पारंपरिक शैलीने जाताना चढावर स्की मागे घसरता कामा नये, आणि सपाटीवर ती अडखळताही कामा नये. या दोन्ही गरजा एकाच फळीने भागवावयाच्या असतात.

हे साधते ते स्कीच्या कमानीमुळे. भार दोन्ही पायांवर सारखा असताना स्कीचा मधला भाग बर्फापासून किंचित उचललेला राहतो व स्की पुढच्या-मागच्या भागांवर सरकते. सारा भार एका पायावर टाकून रेटा दिला की कमान दबते, मधल्या भागावरील मेणात हिमकण रुततात आणि क्षणभर पकड मिळते. म्हणून पकडीचे मेण एवढ्याच भागाला लावावयाचे.

हा भाग कागदाच्या कपट्याने शोधता येतो. सपाट, टणक फरशीवर स्की ठेवून त्यांवर समतोल उभे राहावे. दुसऱ्या व्यक्तीने तळाखाली कागद घालून तो पुढेमागे सरकवावा आणि जेथे अडेल तेथे स्कीच्या कडेवर खूण करावी. सामान्यतः ही जागा टाचेपासून चवड्याच्या पुढे ३० ते ४५ सेंटिमीटरपर्यंत असते. नंतर सारा भार एका स्कीवर घ्यावा. आता कागद घट्ट धरला गेला पाहिजे. तरीही तो निसटला, तर ती स्की त्या माणसासाठी फार ताठ आहे. उलट, दोन्ही पायांवर भार असतानाच तो अडकला, तर ती फार नरम आहे.

खुणांबाहेर गेलेले मेण प्रत्येक सरकीला बर्फावर घासते. ते अपुरे पडले तर चढावर पाय निसटतात व सारे श्रम हातांवर येतात. क्लिस्टर हे चिकट मेण जाड बसत असल्याने त्याची जागा आणखी आखूड ठेवतात.

सारांश, मेणाची जागा केवळ स्कीवर नव्हे, तर तिच्यावर उभ्या राहणाऱ्याच्या वजनावर ठरते. दुसऱ्याच्या खुणा आपल्या कामी येत नाहीत; आणि ओझे घेऊन जावयाचे असेल, तर ही परीक्षाही ते पाठीवर घेऊनच करणे उचित ठरते.