पाळतीखालचे आणि पाळतीचे धनी

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा सदस्यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून डांबले गेले. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव ही त्यांतली काही नावे. नगरचेच अच्युतराव पटवर्धन मात्र भूमिगत झाले आणि अखेरपर्यंत सरकारच्या हाती लागले नाहीत. आत असलेल्यांची आणि निसटलेल्यांची, दोघांचीही खबर ठेवणारे खाते एकच होते. १८८७ साली ठगी आणि डकैती खात्याच्या पायावर उभे राहिलेले आणि १९२० पासून ‘इंटेलिजन्स ब्युरो’ म्हणून ओळखले जाणारे हे ब्रिटिशांचे गुप्तवार्ता खाते.

चारच वर्षांनी, सप्टेंबर १९४६ मध्ये, हंगामी सरकार आले. नेहरू त्याचे प्रमुख झाले आणि गृहखाते पटेलांकडे गेले. पुढे १९५५ ते १९६१ या काळात किल्ल्यातलेच पंत गृहमंत्री होते. ज्यांच्या नावाच्या फायली होत्या, तेच फायली ठेवणाऱ्या खात्याचे धनी झाले. त्यांनी या खात्याला भारतीय संचालक दिला, पण कायदा दिला नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, केंद्र सूचीतल्या आठव्या नोंदीत, केंद्रीय गुप्तवार्ता व अन्वेषण खात्याचा उल्लेख आहे. त्यामुळे कायदा करण्याचा अधिकार संसदेला पहिल्या दिवसापासून होता. तो वापरलाच गेला नाही.

याची किंमत काय, ते २०१५ मध्ये उघड झाले. खुल्या झालेल्या फायलींवरून कळले की १९४८ ते १९६८ अशी वीस वर्षे ब्युरोने सुभाषचंद्र बोस यांच्या नातलगांवर पाळत ठेवली, त्यांची पत्रे वाचली. त्यातली सोळा वर्षे पंतप्रधानपदी नेहरू होते. पाळतीचा जाच स्वतः सोसलेल्या माणसाच्या कारकिर्दीतही यंत्रणेची सवय सुटली नाही.

दुसरी संधी

असाच दुसरा प्रसंगही नगरच्या माणसापाशी येऊन पोचतो. मधू दंडवते यांचा जन्म नगरचा, १९२४ सालचा. जून १९७५ मध्ये ते संसदीय समितीच्या बैठकीसाठी बंगळूरला गेले होते. सोबत वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र होते. आणीबाणी जाहीर झाली आणि चौघांनाही तिथेच अटक झाली. संसदेच्या कामासाठी गेलेल्या खासदारांची रवानगी तुरुंगात झाली.

१९७७ मध्ये जनता सरकार आले आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. आणीबाणीतल्या अतिरेकांसाठी शहा आयोग नेमला गेला. गुप्तवार्ता ब्युरो आणि सीबीआय यांच्या कारभाराचा विचार करण्यासाठी एल. पी. सिंग समितीही नेमली गेली. पण सरकार १९७९ मध्ये कोसळले आणि त्या समितीच्या अहवालातून कायदा काही जन्मला नाही.

याच १९७५ साली अमेरिकी सिनेटने फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून सीआयए आणि एफबीआयचे बंद कपाट उघडले. पुढच्याच वर्षी सिनेटची कायम गुप्तवार्ता समिती झाली. आपल्याकडे सत्तापालट झाला, तिकडे संस्था उभी राहिली. फरक एवढाच, पण मूलगामी.

एका ओळीचा हिशेब

मार्च १९९० मध्ये याच दंडवत्यांनी अर्थमंत्री म्हणून अर्थसंकल्प मांडला. त्यात गुप्तवार्तेचा पैसा कसा असतो? घटनेच्या ११३ व्या कलमानुसार प्रत्येक खात्याची अनुदानाची मागणी लोकसभेपुढे येते. गुप्तवार्ता ब्युरोची रक्कम गृह मंत्रालयाच्या ‘पोलीस’ या मागणीत एक ओळ म्हणून दिसते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ती सुमारे ३,९०० कोटी रुपये होती. सप्टेंबर १९६८ मध्ये रामेश्वरनाथ काव यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेली ‘रॉ’ मंत्रिमंडळ सचिवालयाखाली येते. तिच्या नावाचा स्वतंत्र आकडा सदस्यांपुढे येतच नाही.

जे दिसते त्यावरही चर्चा क्वचितच होते. ठरलेला दिवस संपला की उरलेल्या मागण्या गिलोटिनखाली, म्हणजे चर्चेविना, एकत्र मंजूर होतात. विभागवार स्थायी समित्या १९९३ पासून आहेत, पण दैनंदिन कारभारात शिरायचे नाही असा त्यांना नियम आहे. गुप्तसेवेच्या खर्चाची पावतीपावती महालेखापाल तपासत नाहीत. खर्च योग्य कामी झाला, असे सरकारनेच नेमलेल्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लेखापरीक्षेला पुरते. पैसे देणारी संसद, आणि ते नीट खर्च झाल्याचा दाखला देणारे सरकारच.

राळेगणची वेस

सरकारला हिशेब विचारायची सवय महाराष्ट्राला लावण्यात पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचा वाटा मोठा. राज्याचा माहिती अधिकार कायदा अमलात यावा म्हणून तिथले अण्णा हजारे २००३ मध्ये मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसले. २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि ग्रामपंचायतीच्या खर्चवहीपासून मंत्रालयातल्या टिपणीपर्यंत सारे मागता येऊ लागले. पण याच कायद्याचे २४ वे कलम आणि दुसरी अनुसूची यांनी गुप्तवार्ता ब्युरो, रॉ आणि इतर संस्थांना वगळले. अपवाद फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांचा. जून २०११ मध्ये, लोकपाल आंदोलन ऐन भरात असताना, सीबीआयही त्या यादीत गेली. डिसेंबर २०१३ मध्ये हजारे राळेगणला उपोषणास बसलेले असताना लोकपाल कायदा संमत झाला. त्यातही पंतप्रधानांवरील आरोप अंतर्गत किंवा बाह्य सुरक्षेशी संबंधित असले, तर ते लोकपालाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत.

नागरिकाला सगळे कळू नये, हे समजण्यासारखे आहे. खबऱ्याचे नाव माहिती अधिकारात मिळू लागले तर उद्या खबर द्यायला कोण येईल? प्रश्न वेगळा आहे: नागरिकाला जे सांगता येत नाही, ते त्याच्या प्रतिनिधीलाही सांगायचे नाही का?

महाराष्ट्र विधानसभेत हा प्रश्न जुलै २०२१ मध्ये ऐरणीवर आला. २०१६-१७ मध्ये आपला फोन अमली पदार्थांच्या तस्कराचा असल्याचे दाखवून टॅप केला गेला, असा आरोप आमदार नाना पटोले यांनी सभागृहात केला. चौकशी समिती नेमली गेली, पण ती पोलीस अधिकाऱ्यांची होती. पुढे सरकार बदलले. फोन टॅपिंगप्रकरणी पोलीस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्यावर दाखल झालेले गुन्हे २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले. आरोपात तथ्य किती, हा इथे मुद्दा नाही. टॅपिंगच्या आदेशांचा आढावा घेणारी राज्याची समितीही मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची. तिच्यात आमदार एकही नाही. म्हणून सभागृहात उठलेला आरोप सत्ता कोणाची त्यावर चढतो किंवा उतरतो.

नियम हवा, माणूस नव्हे

ब्रिटनने १९८९ आणि १९९४ मध्ये आपल्या हेरसंस्थांना कायद्यात आणले आणि खासदारांची समिती नेमली. जर्मनीत संसदेच्या अर्थसंकल्प समितीतले मोजके निवडून दिलेले सदस्य गुप्ततेच्या बंधनात राहून हेरखात्यांचा खर्च बंद दाराआड तपासतात. भारतात जानेवारी २०१० मध्ये उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी काव स्मृती व्याख्यानात संसदीय देखरेखीची गरज मांडली. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी खासगी विधेयक आणले. ते पुढे गेले नाही.

खासदार गुपिते फोडतील, ही भीती नेहमी पुढे केली जाते. पण सरकारातले मंत्री खासदारच असतात. त्यांना शपथ पुरते, तर समितीतल्या चार-पाच जणांना का पुरू नये? त्यासाठी घटनादुरुस्तीही नको. लोकसभेची लोकलेखा समिती सभागृहाच्या नियमांवर चालते आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे जाण्याचा प्रघात आहे. तिची एक छोटी, शपथबद्ध उपसमिती नेमून गुप्तसेवेच्या खर्चाची प्रमाणपत्रे तिच्यापुढे ठेवणे, हे पहिले पाऊल होऊ शकते. खात्याला कायदा देणे हे दुसरे. नेहरू-पटेल सज्जन होते, दंडवते निःस्पृह होते. तरीही दोन्ही वेळा खाते जिथल्या तिथे राहिले. सज्जन माणसे सत्तेत येण्याची वाट पाहून हे काम होत नाही, याचा यापेक्षा भक्कम पुरावा शोधायला दूर जायला नको.