लहान बिनतारी स्पीकर : घेतांना काय पाहावें?

हातांत मावेल एवढा बिनतारी स्पीकर रोजच्या वापरास घेण्याजोगा आहे काय, अशी विचारणा कांहीं शेतकरी बंधूंनीं आमच्याकडे केली. लोणावळ्यास वर्षाकाठीं सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो; तेव्हां मावळांत या वस्तूची पहिली परीक्षा पाण्याची.

वेष्टनावरील खूण वाचावी. 'आयपीएक्स ७' म्हणजे एक मीटर पाण्यांत ३० मिनिटें बुडूनही यंत्रास अपाय होत नाहीं. मात्र 'एक्स' हें अक्षर धुळीची परीक्षा नोंदलेली नसल्याचें दर्शवितें. इंद्रायणी भाताची लावणी चिखलांत, तर मळणी धुळींत. म्हणून 'आयपी ६७' ही खूण अधिक उपयोगाची. भिजलेला स्पीकर कोरडा झाल्यावांचून चार्जिंगला लावूं नये.

दुसरी गोष्ट मोबाइलवरील अवलंबनाची. लहान स्पीकरांत ब्लूटूथचा पल्ला साधारण १० मीटर. आम्हीं मोबाइल माजघरांत ठेवून स्पीकर गोठ्यांत नेला, तों जाड भिंतीआड आवाज तुटूं लागला. पावसांत वीज आणि मोबाइलची रेंज दोन्ही गेलीं, तर हवामानाचा इशारा कळावा कसा? यास्तव ज्यांत स्वतःचा एफ. एम. रेडिओ आहे, असाच स्पीकर पसंत करावा. एफ. एम. लहरीही डोंगराआड क्षीण होतात. आपल्या घरीं केंद्र लागतें कीं नाहीं, हें शेजाऱ्याच्या रेडिओवर आधीं पाहून घ्यावें.

दुकानांतील गाण्याच्या दणदणाटास भुलूं नये. माणसाचें बोलणें स्पष्ट ऐकूं आलें, तरच पैसे मोजावे.