अंधारातील वस्तूंचा जमाखर्च

पौष-माघाच्या दिवसांत निपाणीच्या आसपास, वेदगंगेच्या खोऱ्यातील शिवारांत वाळत घातलेला तंबाखू पहाटेच्या प्रहरी हाताळण्याची जी जुनी वहिवाट आहे, तिच्या मुळाशी एक सूक्ष्म भौतिक सत्य आहे: दिवसा कडकडीत झालेले पान रात्रभर निरभ्र आकाशाकडे आपली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने टाकीत राहते, भोवतालच्या हवेहूनही थंड होते, म्हणून त्यावर दव धरते, आणि दवाने नरमलेल्या पानाचा हात लागताच चुरा होत नाही. ज्या अवरक्त किरणांचा पहिला पुरावा १८०० साली विल्यम हर्शेलने वर्णपटाच्या तांबड्या कडेपलीकडे तापमापक ठेवून मिळविला, तेच किरण हे पान आकाशाला देत असते. आणि पृथ्वीभोवती फिरणारा प्रत्येक उपग्रह व अग्निबाणाचा प्रत्येक निकामी टप्पाही तेच देत असतो.

२ एप्रिल २०२२ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या आकाशातून अग्निरेषा ओढीत काही गेले, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असे अभ्यासकांचे निदान आहे. म्हणजे वर्षाहून अधिक काळ ही वस्तू निर्जीव व निःशब्द अशी फिरत होती. पृथ्वीच्या छायेत शिरताच अशी वस्तू साध्या दुर्बिणीला दिसत नाही. रडारला ती दिसते खरी, पण रडारचा प्रतिध्वनी अंतराच्या चतुर्थ घाताने क्षीण होतो. वस्तूची स्वतःची उष्णता मात्र छायेतही प्रकट होत राहते, आणि ती अंतराच्या केवळ वर्गाने क्षीण होते.

परंतु ही उष्णता टिपावयाची तर ती किती असेल, हे आधी ठाऊक पाहिजे, आणि त्यासाठी संगणकावर त्या वस्तूची जमाखर्चाची वही मांडावी लागते. जमेच्या बाजूस सूर्य, दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट. पृथ्वीने परतविलेला प्रकाश. पृथ्वीची स्वतःची उष्णता. आणि आतील यंत्रे चालू असल्यास त्यांची ऊब. अवकाशात वारा नाही, त्यामुळे खर्चाची बाब एकच, उत्सर्जन, व ते तापमानाच्या चतुर्थ घाताने वाढते. वस्तूचा पृष्ठभाग शेकडो लहान तुकड्यांत विभागून प्रत्येकाचे स्वतंत्र खाते उघडावे, शेजारच्या तुकड्याशी होणारी उष्णतेची देवघेव त्यात नोंदवावी, आणि सुमारे ९२ मिनिटांच्या प्रदक्षिणेत ३५ मिनिटे छायेत जाणाऱ्या त्या वस्तूचा ताळेबंद क्षणाक्षणाला जुळवीत न्यावा. टप्पा गडगडत असेल तर कोणते अंग केव्हा सूर्यापुढे येते, हेही ध्यानी घ्यावे लागते.

या हिशेबात पृष्ठभागाला विलक्षण महत्त्व आहे. चकचकीत घासलेले पितळी भांडे काजळलेल्या भांड्यापेक्षा ऊब अधिक वेळ राखते, हे आपल्या स्वयंपाकघरातील ज्ञानच येथे उपयोगी पडते: झळाळता धातू सूर्यप्रकाश थोडा घेतो, पण त्याहूनही थोडी उष्णता सोडतो, म्हणून तो पांढऱ्या रंगापेक्षा अधिक तापतो. तो पांढरा रंगही सूर्याच्या अतिनील किरणांनी वर्षानुवर्षे पिवळटत जातो व जुनी वस्तू नव्या वस्तूपेक्षा उष्ण होते. १४ मे १९७३ रोजी उडालेल्या स्कायलॅब या अंतराळस्थानकाचे संरक्षक कवच उड्डाणातच उखडले, आतील तापमान ५० अंशांवर गेले, आणि मागून गेलेल्या अंतराळवीरांनी छत्रीसारखा पडदा उघडून त्यावर सावली धरली तेव्हाच ते राहण्याजोगे झाले. पृष्ठभागाच्या खात्यात एक बाब चुकली तर काय होते, याचे याहून ठसठशीत उदाहरण मला ठाऊक नाही.

तापमान हाती आले की वेधाची आखणी सुरू होते. २७ अंश सेल्सियसच्या आसपासची वस्तू सुमारे ९.७ मायक्रॉन तरंगलांबीला सर्वाधिक तेजस्वी असते. ८ ते १३ मायक्रॉनचा झरोका वातावरणात आहेही, पण त्या झरोक्यात आपली हवा, किंबहुना दुर्बीणसुद्धा, स्वतःच झळकते. म्हणून १९९६ साली अमेरिकेने एमएसएक्स उपग्रहावरील अवरक्त दुर्बीण घनरूप हायड्रोजनने थंड करून अवकाशात पाठविली. आरसा किती मोठा, संवेदक कोणत्या पट्ट्याचा, कोणत्या कोनातून व किती वेळ पाहावयाचे, हे सारे निर्णय त्या वहीवरूनच होतात.

उष्णता मोजण्याचे महत्त्व केवळ मानवनिर्मित वस्तूंपुरते नाही; २०२४ वायआर४ या लघुग्रहाने ते सर्वांच्या दारी आणले. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत चढली, आणि संभाव्य पट्ट्यात अरबी समुद्र व दक्षिण आशियाही होते. पुढील वेधांनी ती भीती निमाली. परंतु आकार ४० मीटर की ९० मीटर, हा प्रश्न प्रकाशाने सुटण्यासारखा नव्हता, कारण लहान फिकट दगड व मोठा काळा दगड दुर्बिणीत सारखेच दिसतात. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने त्याची उष्णता मोजली, आणि उत्तर आले: सुमारे ६० मीटर.

बेंगळुरूत पीण्या येथे इस्रोचे नेत्र हे नियंत्रणकेंद्र डिसेंबर २०२० पासून अवकाशातील वस्तूंवर लक्ष ठेवते. बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ आहे, आणि हा हिशेब शिकण्यास उपग्रह लागत नाही. एक संगणक, उष्णतेची समीकरणे आणि चिकाटी एवढे पुरे. निपाणी-बेळगावच्या आमच्या सीमाभागातील एखाद्या विद्यार्थ्याने लाडबोरीचे ते कडेच घ्यावे, व्यास ३ मीटर धरावा, धातू उघडा व गडगडता मानावा, आणि छायेत शिरल्यापासून पहिल्या दहा मिनिटांत ते किती थंड होते, तेवढे काढावे.