पार्सलांचा हिशोब, रात्रीचा बॅकअप आणि शेल स्क्रिप्ट

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधला जीन्सचा कारखाना असो, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतलं युनिट असो की बदलापूर स्टेशनजवळचं दुकान, कॉम्प्युटर सगळीकडे पोचला आहे. त्यात बिलं, चलनं, मालाचे फोटो साठतात आणि संध्याकाळी कुणीतरी तेच ते कॉपी-पेस्ट करत बसतं. शेल स्क्रिप्टिंग आयटीत जाणाऱ्यांनीच शिकावं, असा समज आहे. माझ्या मते त्याची खरी गरज या छोट्या धंद्यांना आहे.

शेल म्हणजे काय?

कीबोर्डवरून दिलेली आज्ञा ऑपरेटिंग सिस्टिमकडून पार पाडून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. त्याच आज्ञा एकाखाली एक फाइलमध्ये लिहिल्या की स्क्रिप्ट तयार. लिनक्सवर सर्रास असणारा ‘बॅश’ हा शेल ब्रायन फॉक्स यांनी लिहिला आणि तो १९८९ मध्ये आला.

पार्सलांचा हिशोब

महिन्याभरात कुठल्या पार्टीला किती पार्सलं गेली? नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलमध्ये असतील, एका ओळीत एक पार्सल, तर चार छोट्या आज्ञा पुरतात. ‘कट’ पार्टीच्या नावाचा रकाना वेगळा काढते, ‘सॉर्ट’ सारखी नावं एकत्र आणते, ‘युनिक’ ती मोजते आणि पुन्हा ‘सॉर्ट’ मोठा आकडा वर आणते. एकीचं उत्तर दुसरीकडे पोचवते ती मधली उभी रेघ, म्हणजे ‘पाइप’. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे १९७३ मध्ये ती युनिक्समध्ये आली. ‘युनिक’ फक्त लागोपाठच्या ओळी ताडून पाहते, म्हणून तिच्याआधी ‘सॉर्ट’ हवीच. पार्टीच्या नावातच स्वल्पविराम असेल तर मात्र ‘कट’ चुकीच्या जागी तोडते. तो आधी काढून टाकावा.

फोटोंचंही तसंच. शेकडो फोटोंना डिझाइन नंबरची नावं देणं, व्हॉट्सॲपवर पाठवण्यापुरते ते लहान करणं, हे एकच काम प्रत्येक फाइलवर करणारं ‘फॉर’ लूप आणि फोटोंवर काम करणारा इमेजमॅजिक हा प्रोग्रॅम मिळून करतात.

रात्रीचा बॅकअप

एकच स्क्रिप्ट लिहायची असेल तर ही लिहा. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी बदलापूरच्या वस्तीत शिरलं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हाही गावात पाणी होतं. तळमजल्यावरच्या दुकानात कॉम्प्युटर भिजला की वर्षाची उधारी-वसुली त्याच्याबरोबर जाते.

‘आरसिंक’ ही आज्ञा नव्या आणि बदललेल्या फाइलीच उचलते, त्यामुळे रोजचा बॅकअप लवकर उरकतो. ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या ‘क्रॉन’ला वेळ सांगून ठेवली की रात्री साडेदहाला तो आपोआप होतो, पण त्या वेळी मशीन चालू हवं. प्रत दुसऱ्या जागी ठेवा. त्याच टेबलावरची डिस्कही त्याच पाण्यात भिजते. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल उघडून बघा.

जपायचं कुठे?

‘आरएम’नं पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, थेट जाते. म्हणून पुसण्याच्या जागी आधी ‘इको’ लिहून काय पुसलं जाणार ते पडद्यावर पाहावं. फाइलच्या नावात मोकळी जागा असेल तर नाव ज्या व्हेरिएबलमध्ये असेल त्याला दुहेरी अवतरण चिन्हं हवीत, नाहीतर शेल त्या एका नावाची दोन नावं करतो.

नोकरीत

बदलापूर-अंबरनाथहून ठाण्याला गाडी बदलून ऐरोली-महापेला जाणाऱ्यांपैकी कुणी सर्व्हर सपोर्टमध्ये असेल, तर लॉगमधून नेमकी चूक शोधणं हेच त्याचं रोजचं काम. तिथे हवा तो शब्द असलेल्या ओळी शोधून देणारी ‘ग्रेप’ ही आज्ञा येणाऱ्याचा बराच वेळ वाचतो.

शिकायचं कसं?

विंडोजवर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय, घ्या. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे ॲप चालतं, लोकलमध्ये बसूनही सराव होतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे आणि बॅशचे धडे मोफत आहेत. पुस्तक हवं असेल तर नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘युनिक्स शेल प्रोग्रॅमिंग’ आहे. सुरुवात मात्र स्वतःच्या फाइलींवर करा, आणि त्यांची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढून मगच.